सणांचे सूर, रानाचे रंग आणि राजकारणातले विज्ञान

आश्विनाचा उत्तरार्ध आणि कार्तिक हे आपल्या आदिलाबाद परिसराचे खरे देखणे दिवस. पावसाने धुऊन निघालेले सागाचे डोंगर अजून हिरवे असतात आणि त्या हिरवाईवर सागाच्या फुलोऱ्याची पांढुरकी साय धरलेली असते. काळ्या जमिनीत कपाशीची बोंडे उकलू लागतात. माळावर तरवड पिवळाजर्द फुलतो आणि शेताच्या बांधावर कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे डोलतात. कडम नदीवर कुंटाळ्याचा धबधबा पावसाळ्यातला गढूळ आवेश सोडून स्वच्छ धारेने कोसळू लागतो. निर्मलकडून घाट चढून येणाऱ्या प्रवाशाला पहाटे अंगावर शाल ओढावीशी वाटते. २०१६ च्या ऑक्टोबरात जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, पण या ऋतूचे वर्णन करताना आपण सारे अजून त्या जुन्या, अखंड आदिलाबादविषयीच बोलत असतो. निसर्गाने नवी हद्द अद्याप मान्य केलेली नाही.

या दिवसांत येथे जितक्या परींचे संगीत ऐकू येते, तितके क्वचितच कुठे येत असेल. भाद्रपदाच्या अमावास्येपासून तेलुगू आयाबाया बतुकम्मा रचतात. आपण ज्याला तरवड म्हणतो तो त्यांचा ‘तंगेडू’, तेलंगणाचे राज्यपुष्प. आणि आपला कुर्डू तो त्यांचा ‘गुनुगू’. त्या फुलांच्या राशीभोवती टाळ्यांच्या ठेक्यावर फेर धरला जातो. त्याच सुमारास बेला, जैनथ, तलमडगू या भागांतील मराठी घरांतून भुलाबाईची गाणी आणि खिरापत ओळखण्याची गंमत कोजागिरीपर्यंत चालते. मग कार्तिकात पहाटेची काकडआरती, टाळ-मृदंगाचा नाद. आणि डोंगराच्या कुशीतल्या गोंड गुड्यांमधून दिवाळीची खरी चाहूल देणारी दंडारी! अंगाला राख फासलेले, डोक्यावर मोरपिसांचा प्रचंड मुकुट चढवलेले, कमरेला घुंगरांच्या माळा बांधलेले गुसाडी एका गावाहून दुसऱ्या गावाला पाहुणे म्हणून जातात. ढोल आणि पेपरे यांच्या साथीने रात्र जागते. नृत्य, सोयरीक, देवकार्य आणि सामाजिक बैठक या चारही गोष्टी त्या एका उत्सवात सामावलेल्या असतात.

या संगीताशी आपल्या मराठीचा एक जवळचा संबंध आहे आणि तो आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसतो. गोंडांच्या कुळकथा पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत ठेवून किकरी या तंतुवाद्यावर गाणारे परधान, हे या भागात घरात मराठी बोलत आले आहेत. आख्यान गोंडीत, संसार मराठीत. ज्या प्रदेशात आपण स्वतःला ‘सीमेवरचे’ म्हणवतो, तेथे सीमेच्या कितीतरी आधीपासून मराठी मातृभाषा असलेला गायक गोंडांच्या देवांचा इतिहास सांभाळत होता. नारनूरजवळच्या गुंजाळा गावी सापडलेल्या हस्तलिखितांमुळे गोंडीची स्वतंत्र लिपी जगापुढे आली आणि २०१८ मध्ये तिला युनिकोडमध्ये स्थान मिळाले. मार्लवाईचे कनक राजू, ज्यांना सारा मुलूख ‘गुसाडी राजू’ म्हणत असे, त्यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली; २०२४ च्या ऑक्टोबरात, दिवाळी अवघ्या काही दिवसांवर असताना, ते गेले. ज्या कलेने त्यांना दिल्लीपर्यंत नेले, तिला ध्वनिक्षेपकाची गरज कधी पडली नव्हती.

येथून मी माझ्या विषयाकडे वळतो. सणांच्या मोसमात मनात जे विचार येतात त्यांत सूर आणि निसर्ग तर असतातच, पण बालरोगतज्ज्ञाच्या मनात एक तिसरा धागाही त्यांच्याशी गुंतलेला असतो. विज्ञानाने सिद्ध केलेली गोष्ट आणि शासनाने प्रत्यक्षात केलेली गोष्ट यांच्यात जे अंतर राहते, त्याचा तो धागा. ते अंतर मोजण्याचे एकक आमच्या शाखेत दुर्दैवाने लहान मुले हेच असते.

सर्वांत साधे उदाहरण आवाजाचे घ्या. ढोल मोठा वाजतो, यात शंका नाही. पण ढोल वाजवणारा माणूस दमतो, थांबतो, पाणी पितो. वाद्याला माणसाच्या देहाची मर्यादा असते. मिरवणुकीतल्या भिंतीएवढ्या ध्वनिक्षेपकांना ती नसते. डेसिबलचे गणित घातांकी आहे: दहा डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दसपट होते. ८५ डेसिबलच्या आवाजात कान आठ तास सुरक्षित राहतो असे धरले, तर प्रत्येक तीन डेसिबलमागे ही मुदत निम्मी होत जाते आणि शंभर डेसिबलला ती पंधरा मिनिटांवर येते. नवजात अतिदक्षता कक्षात आवाज ४५ डेसिबलच्या वर जाऊ नये, अशी शिफारस आमच्या शास्त्रात १९९७ पासून आहे. आपला कायदाही काही मागासलेला नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. रुग्णालयाभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरवता येतो. हैदराबाद पोलिसांनी २०२४ च्या ऑक्टोबरात धार्मिक मिरवणुकांतील डीजेवर बंदीही घातली. म्हणजे शास्त्र आहे, नियम आहे, आदेशही आहे. नसते ते एकच: मिरवणूक निघाली असताना हातात मोजमापाचे यंत्र घेऊन उभा राहणारा आणि पाहिलेला आकडा दुसऱ्या दिवशी फलकावर लावणारा माणूस. कारण तो आकडा कोणाला तरी अडचणीचा असतो, आणि सणासुदीला अडचणीचे आकडे कोणालाच नको असतात.

राजकारणात विज्ञान शिरले की ते नेहमी असेच पराभूत होते, असे मात्र मुळीच नाही. याचा एक उत्तम दाखला आपल्याच मातीत आहे. १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात कोमरम भीम निजामाच्या सशस्त्र पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. ‘जल, जंगल, जमीन’ या शब्दांशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले. आजही त्यांचा स्मृतिदिन आश्विन पौर्णिमेला, म्हणजे आपण कोजागिरीचे दूध आटवत असतो त्याच तिथीला, जोडेघाटला पाळला जातो. उठाव चिरडल्यानंतर निजाम सरकारने एक अशी गोष्ट केली जी त्या काळच्या सरकारांकडून अपेक्षित नव्हती. उठाव का झाला हे शोधण्यासाठी त्यांनी ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ यांना पाचारण केले.

हाइमेनडॉर्फ आणि त्यांच्या पत्नी बेट्टी मार्लवाईला गोंडांच्या वस्तीत राहिले, त्यांची भाषा शिकले आणि सरकारला न आवडणारा निष्कर्ष त्यांनी कागदावर उतरवला: राखीव जंगलाच्या रेषा आणि बाहेरून आलेल्या जमीनदार-सावकारांच्या नावे चढलेले सातबारे यांमुळे गोंड स्वतःच्या मुलखात बेघर झाले होते. त्या निष्कर्षाचा परिणाम झाला. जमिनीचे पट्टे वाटले गेले. १९४३ मध्ये मार्लवाईला गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र उघडले. मुलांसाठी गोंडी भाषेतली वाचनपुस्तके तयार झाली आणि ती देवनागरी लिपीत होती, कारण या भागातल्या साक्षर गोंडाला येत असे ती मराठीचीच लिपी. आज मार्लवाईला त्या दांपत्याची समाधी आहे आणि गावकरी तिची पूजा करतात.

राजकारणातले विज्ञान म्हणजे काय, याची व्याख्या मला विचारली तर मी मार्लवाईकडे बोट दाखवीन. त्यात तीन गोष्टी होत्या. प्रश्न विचारण्याची सत्तेची तयारी, उत्तर शोधण्यासाठी गावात जाऊन राहणारा अभ्यासक, आणि उत्तर गैरसोयीचे निघाले तरी त्यावर केलेली कृती. त्याच कथेचा उत्तरार्धही विसरता येत नाही. १९७० च्या दशकात हाइमेनडॉर्फ पुन्हा या भागात आले तेव्हा त्यांना आढळले की मिळवलेल्या जमिनी पुन्हा गोंडांच्या हातून निसटत होत्या. पट्टा देणे ही एका दिवसाची गोष्ट असते. पट्टा टिकवणे ही रोजची. हा फरक पुढच्या प्रत्येक उदाहरणात आपल्याला भेटणार आहे.

याच्या नेमके उलटे चित्र १९७६ चे. त्या वर्षी बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून संविधानात आले. आणि त्याच आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतल्या कितीतरी सक्तीच्या, शिक्षकांना आणि तलाठ्यांना ‘कोटा’ ठरवून दिल्यामुळे झालेल्या. शस्त्रक्रियेचे शास्त्र चुकीचे नव्हते. पण माणसाची संमती वगळून शास्त्र राबवले गेले आणि त्याचा अविश्वास पुढे किती वर्षे पुरला, हे गावोगावी पोलिओचे थेंब घेऊन फिरलेल्या कोणालाही विचारावे. ‘सुईने मूल होणार नाही’, ‘थेंबाने वंश बुडेल’ या अफवांच्या मुळाशी केवळ अज्ञान नव्हते. लोकांची स्मरणशक्ती होती. तो अविश्वास दूर करण्यासाठी सक्ती उपयोगी पडली नाही. दारोदार जाणे, मौलवींशी आणि भगतांशी बोलणे, एकेका घरावर खडूने खूण करणे, हेच उपयोगी पडले. १३ जानेवारी २०११ नंतर देशात वन्य विषाणूने पोलिओ झालेले एकही मूल आढळले नाही आणि २७ मार्च २०१४ रोजी आपण पोलिओमुक्त ठरलो. मार्लवाईची रीत पुन्हा एकदा यशस्वी झाली.

आता आपल्या दाराशी आलेल्या घटनेकडे वळू. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात, नवरात्र-दसऱ्याच्या दिवसांत, मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याचे औषध घेतलेली वीसहून अधिक बालके मूत्रपिंड निकामी होऊन दगावली. त्यांतली अनेक नागपूरच्या रुग्णालयांत गेली. म्हणजे आपणही गंभीर रुग्ण जेथे पाठवतो, त्याच शहरात. औषधाच्या नमुन्यात डायइथिलीन ग्लायकॉलचे प्रमाण ४८.६ टक्के निघाले. अनुज्ञेय मर्यादा ०.१ टक्का.

हे विष नवे नाही. १९३७ मध्ये अमेरिकेत याच द्रावकामुळे शंभरावर माणसे मेली, आणि दुसऱ्याच वर्षी तेथे असा कायदा झाला की औषध बाजारात आणण्यापूर्वी ते सुरक्षित असल्याचे उत्पादकाने दाखवून दिले पाहिजे. आपल्याकडे १९७३ मध्ये मद्रासला, १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात, १९९८ मध्ये गुरगावला, २०१९-२० मध्ये जम्मूतील रामनगरला हेच घडले. जे. जे. प्रकरणात भेसळयुक्त ग्लिसरीनने चौदा रुग्ण गेले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने खरेदीपासून प्रयोगशाळेपर्यंत आणि मंत्रालयापर्यंतची सारी साखळी उघडी करून दाखवली. त्या वेळी वैद्यकीय महाविद्यालयांत शिकणाऱ्या आमच्या पिढीने त्या आयोगाच्या बातम्या वसतिगृहात वाचून दाखवल्या होत्या. १९८६ आणि २०२५ यांमध्ये एकोणचाळीस वर्षे आहेत. ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉलच्या प्रत्येक पिंपाची वापरापूर्वी चाचणी करणे हे या आपत्तीवरचे साधे, स्वस्त आणि सर्वज्ञात उत्तर आहे. ते १९३७ पासून ठाऊक आहे.

छिंदवाड्यात औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांना अटक झाली आणि वैद्यकीय संघटनांनी तिचा निषेध केला. निषेध योग्यच होता. बाटलीत काय आहे हे डॉक्टर सुगंधावरून ओळखू शकत नाही. ती जबाबदारी उत्पादकाची आणि औषध नियंत्रकाची. तथापि तेवढे म्हणून आपल्याला थांबता येणार नाही. लहान मुलांचा साधा सर्दी-खोकला बहुतांशी विषाणूंचा असतो आणि आपोआप बरा होतो. दोन वर्षांखालील मुलांना ही मिश्रणे देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली सामान्यतः टाळावीत, असे केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा बजावले. जी बाटली लिहिलीच जात नाही, ती विषारी असली तरी मुलाच्या पोटात जात नाही. शासनाला प्रश्न विचारण्याचा नैतिक अधिकार आपल्या लेखणीपासून सुरू होतो.

त्याच महिन्यात एक चांगली गोष्टही घडली आणि तिचे श्रेय आपल्याच राज्यातील एका बालरोगतज्ज्ञ भगिनीकडे जाते. जलसंजीवनीचे शास्त्र भारतीय उपखंडाने जगाला दिले. १९७१ च्या निर्वासित छावणीत, बनगावला, डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपातून मीठ-साखरेचे पाणी देऊन पटकीने मरणाऱ्यांना वाचवले. २००२ पासून जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमाण ठरलेले आहे: एक लिटर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, २.९ ग्रॅम सायट्रेट, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराईड. पण दुकानांतून ‘ओआरएस’ ही तीन अक्षरे नावात मिरवणारी, साखरेने भरलेली गोड पेये खुशाल विकली जात होती. जुलाब झालेल्या मुलाला जास्त साखरेचे पेय दिले तर आतड्यात पाणी ओढले जाऊन जुलाब वाढतात, हे आपण प्रत्येक परिचारिकेला शिकवतो. हैदराबादच्या डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध वर्षानुवर्षे एकाकी झगडा दिला. अखेर १४ ऑक्टोबर २०२५ रोजी अन्न सुरक्षा प्राधिकरणाने पूर्वीच्या परवानग्या मागे घेऊन पेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरण्यास मनाई केली. दिवाळी त्यानंतर आठवड्यावर होती. आपल्या व्यवसायातील एका व्यक्तीच्या चिकाटीने साऱ्या देशातल्या बालकांना मिळालेली ही ओवाळणीच म्हणायची.

आता सर्वांत जवळचा विषय: सिकलसेल. गोंड, परधान, कोलाम आणि त्यांच्या शेजारच्या अनेक समाजांत ही जनुके आढळतात, आणि ती का टिकली याचे उत्तर आपल्या निसर्गातच दडलेले आहे. ज्या सागवनांचे आपण कौतुक करतो, ती शतकानुशतके हिवतापाची वने होती. आईवडिलांपैकी एकाकडूनच हे जनुक मिळालेल्या मुलाला हिवतापाच्या घातक स्वरूपापासून संरक्षण मिळते. दोघांकडूनही मिळाले तर आजार होतो. दोन्ही पालक वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेत आजाराची शक्यता पंचवीस टक्के. रानाने आपली किंमत अशी वसूल केली आहे.

१ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे आणि २०४७ पर्यंत हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपवण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. या अभियानाचे मी मनापासून स्वागत करतो. इतक्या उपेक्षित आजाराकडे इतक्या वरून प्रथमच लक्ष गेले. परंतु ‘निर्मूलन’ हा शब्द व्यासपीठावर एक अर्थ घेऊन येतो आणि आश्रमशाळेतल्या मुलीच्या कानी दुसराच. जनुक तपासणीने नाहीसे होत नाही. रक्ताचा निकाल छापलेले कार्ड हाती आले, पण त्याचा अर्थ कोणी तिच्या भाषेत समजावून सांगितला नाही, तर ते कार्ड सोयरिकीच्या बाजारात तिच्यावरचा डाग ठरते. वाहक हा रोगी नव्हे, हे वाक्य गोंडी, कोलामी, मराठी आणि तेलुगू या चारही भाषांत गावागावांत उच्चारले गेल्याशिवाय तपासणीचा आकडा हा नुसता आकडा राहील.

आणि आजारी मुलाला आकड्यापेक्षा कितीतरी साधे काही हवे असते. रोज पेनिसिलिन दिल्याने या मुलांतील न्यूमोकॉकसचा गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी घटतो, हे १९८६ मध्ये सिद्ध झाले. न्यूमोकॉकसची लस २०२१ पासून देशभर नियमित लसीकरणात आहे. हायड्रॉक्सियुरियाने वेदनेचे झटके कमी होतात. फॉलिक आम्ल पैशांत मिळते. यांतले काहीही दुर्मीळ नाही. अडते ते महिन्याच्या महिन्याला गोळी संपण्याआधी पोचण्यात. दंडारीच्या दिवसांत थंडी सुरू झालेली असते, रात्रीची जागरणे असतात, पायपीट असते, पाणी कमी पडते, आणि हीच चारही कारणे सिकलसेलच्या झटक्याला आमंत्रण देतात. नाचू नका असे सांगणारा डॉक्टर तेथे कोणालाच नको असतो, आणि नसावाही. गुसाडीच्या हातातल्या दंडाच्या स्पर्शाने व्याधी दूर होते अशी तेथे श्रद्धा आहे. ज्याचे मूल दुखण्याने रात्रभर रडले आहे त्याला त्या स्पर्शाने धीर मिळत असेल, तर मी त्याच्याशी वाद घालणार नाही. त्या धीराबरोबर अंगावर घोंगडी, हातात पाण्याची बाटली आणि खिशात पुढच्या महिन्याची गोळी असावी, एवढेच माझे मागणे. वैज्ञानिक दृष्टिकोन म्हणजे दुसऱ्याच्या देवाची थट्टा, असे ज्यांना वाटते त्यांनी विज्ञानाचेच नुकसान केले आहे. श्रद्धेच्या नावाखाली उपचार रोखणाऱ्याशी भांडावे. श्रद्धावंताशी संवाद करावा.

हे शक्य आहे याचा पुरावा आपल्यापासून फार दूर नाही. प्राणहिता ओलांडली की गडचिरोली. तेथे डॉ. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ पासून ‘सर्च’च्या माध्यमातून काम केले. एकोणचाळीस गावांतल्या, जेमतेम शिकलेल्या आरोग्यदूत बायांना त्यांनी नवजात बाळाचा श्वास मोजायला, वजन घ्यायला, ऊब द्यायला आणि जंतुदोष ओळखून प्रतिजैविक द्यायला शिकवले. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले. हा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. देशभर आशाताईंमार्फत घरोघरी नवजात बालसेवेचा कार्यक्रम सुरू झाला तो २०११ मध्ये. सिद्धता आणि धोरण यांत बारा वर्षे. या बारा वर्षांत किती बाळे गेली याचा हिशेब कोणी मांडत नाही, कारण ती कोणत्याही मतदारयादीत नव्हती. तरीही मी या कथेकडे आशेने पाहतो. गावात मोजलेले सत्य उशिरा का होईना, दिल्लीपर्यंत पोचले.

मग आपण, डॉक्टरांनी, काय करावे? निवडणूक लढवावी असे मी म्हणत नाही. आपल्या संस्थेला सहज पेलतील अशा चार गोष्टी सुचवतो.

पहिली: दरवर्षी सणांच्या दिवसांत शहरातील रुग्णालयांसमोरच्या आवाजाची पातळी आपण स्वतः मोजावी आणि कोणाचेही नाव न घेता आकडे प्रसिद्ध करावेत. वादविवादापेक्षा आकडा अधिक काळ टिकतो.

दुसरी: पाच वर्षांखालील साध्या सर्दी-खोकल्याला सिरप न लिहिण्याचा आणि जुलाबाला प्रमाणित जलसंजीवनीचे पाकीट व झिंकच लिहिण्याचा सामूहिक संकल्प करावा, आणि औषध दुकानदारांनाही त्यात सहभागी करून घ्यावे.

तिसरी: दंडारी सुरू होण्यापूर्वी प्रत्येक सिकलसेलग्रस्त मुलाकडे किमान महिन्याभराची औषधे आहेत ना, याची खातरजमा आश्रमशाळा आणि आरोग्य उपकेंद्रे यांच्या मदतीने करावी. गावपाटलांची संमती आणि परधान गायकांची साथ मिळाली तर हा निरोप किकरीवरूनही जाऊ शकेल. हजार भित्तिपत्रकांपेक्षा तो अधिक ऐकला जाईल.

चौथी: मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, पक्ष कोणताही असो, एकच प्रश्न विचारावा. गेल्या वर्षी आपल्या मतदारसंघात पाच वर्षांखालील किती मुले दगावली आणि कशाने? उत्तर येत नसेल तर ते पुढच्या वर्षी घेऊन येण्यास सांगावे. हाच प्रश्न दरवर्षी विचारला गेला, तर कधी ना कधी कोणीतरी तो आकडा शोधायला गावात जाईल. विज्ञानाचा राजकारणात प्रवेश एवढ्याच साध्या दाराने होतो.

आपण येथे मराठी आहोत ते कोणी आणून बसवले म्हणून नव्हे. १९५६ साली राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या. किनवट नांदेडकडे गेले, राजुरा पुढे चंद्रपूरकडे, आणि आपण येथेच राहिलो. रेषा बदलल्या, नाती राहिली. आपल्या दवाखान्याच्या बाकावर एकाच वेळी तेलुगू, मराठी, उर्दू, गोंडी आणि लंबाडी बोलणाऱ्या माता शेजारी शेजारी बसतात आणि आपले मूल रडले की सगळ्या एकाच भाषेत व्याकूळ होतात. अशा समाजात वैद्यकी करण्याचे भाग्य लाभलेल्या माणसांवर थोडी अधिक जबाबदारी येते. लोक आपल्याला ‘डॉक्टरसाहेब’ म्हणतात त्यात आदराइतकाच हक्कही असतो.

तरवडाची फुले गळून शेंगा धरतील, कपाशी घरी येईल, पौषात केसलापूरच्या नागोबाच्या यात्रेसाठी मेस्राम मंडळी गोदावरीचे पाणी घेऊन अनवाणी चालू लागतील. ऋतूंचे हे चक्र आपल्यावाचून चालतच राहील. त्या चक्राबरोबर प्रत्येक मूल सुखरूप पुढच्या सणाला पोचावे, यासाठी मात्र कोणीतरी मोजत, विचारत आणि पाठपुरावा करत राहिले पाहिजे. ते काम आपले आहे.

सर्व वाचकांना, सहव्यावसायिकांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना दीपावलीच्या आरोग्यदायी शुभेच्छा.